कुंडीतली सीतेची वेणी

घाटरस्ता रुंद करताना ऐनाची जुनी झाडं पाडली. त्यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या, गुलाबी तुरे लोंबवणाऱ्या सीतेच्या वेण्या तेवढ्या वाचवल्या आणि घाटाखालच्या विश्रामगृहात काळ्या मातीच्या कुंड्यांत लावल्या. परवा मी तिथे उतरलो, तेव्हा म्हातारे माळीकाका त्यांना झारीने पाणी घालत होते. मुळं कुजून काळी पडली होती.

"काका, हिला माती नको असते. ही फांदीला धरून हवेतली ओल पिते."

"साहेब म्हणाले, जगवा. मी रोज दोनदा पाणी घालतो."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपली मायाच अशी आहे. आधी आधार काढून घ्यायचा, मग बुडेपर्यंत पाणी घालायचं आणि कुंडीवर 'संरक्षित' अशी पाटी लावायची. मीही त्याच नव्या रस्त्याने अर्ध्या वेळात पोचलो होतो, आणि वाटभर खूश होतो.

काकांनी झारी खाली ठेवली. "मग हिला लागतं तरी काय?"

"ऐनाचं झाड."

त्यांनी फाटकाबाहेर पाहिलं. लांबवर नुसतं डांबर तापत होतं. त्यांनी झारी पुन्हा उचलली.