मीटरला घातलेला हार

हैबती म्हणजे गरीब गाय. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात तो गॅसच्या खोलीवर पहारा देई. पाइपलाइनमधून येणारा गॅस आधी या खोलीतल्या मीटरमधून जातो. आत पाती फिरतात, आकडे सरकतात, मग गॅस बॉयलरकडे जातो. मीटरला तारेत ओवलेलं शिशाचं सील असतं. ते तुटलं की आकडे कुणीतरी फिरवले, असा संशय.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा. गावात नांगर-कोयत्याला वाहतात तसं इथे मोटारींना, मीटरलाही गंधफूल. मॅनेजरसाहेब म्हणाले, "हार घट्ट बांध रे, फोटोत घसरायला नको." हैबतीने हाराचा दोरा सीलच्या तारेतच ओवला. सुकलेला हार ओढताना तार तुटली. लपवाछपवी त्याला कुठली जमायला? तुटकं सील घेऊन तो तडक साहेबांपुढे उभा राहिला.

आणि साहेब म्हणाले, "हार? कसला हार?" गॅसचोरीचं बालंट कारखान्यावर येऊ नये म्हणून त्यांनी ते गरिबाच्या गळ्यात बांधलं, त्याला कामावरून काढलं. वा रे मर्द!

दुसऱ्या दिवशी कारखान्याची जीप आंबेनळी घाटाची वळणं घेत त्याच्या वाडीवर चढली. आकडे फिरवून खोटं सील आवळायची पक्कड घरात लपवली असेल म्हणे! सगळ्या वाडीदेखत डबे उपडे केले, तांदळाची कणगीसुद्धा ओतली. पक्कड कुठून सापडणार? पण 'चोर' हा शब्द मात्र वाडीत राहिला.

पुढे गॅसवाल्यांनी मीटर उघडून तपासला. आकड्यांना कुणी हात लावलेला नव्हता. साहेबांनी हैबतीला बोलावलं.

"झालं गेलं गंगेला मिळालं. उद्यापासून ये कामावर."

"साहेब, वाडीवर येऊन सांगा. सगल्यांसमोर."

"अरे, एवढ्यासाठी मी घाट चढू? नोकरी मिळाली ना परत?"

हैबतीच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात कधी चढला नव्हता तो आवाज चढला. "चोर हाय म्हनायला जीप वर चढली, नाय म्हनायला डिझेल संपलं काय?"

साहेब मोबाइल बघत बसले. हैबती कामावर गेला नाही, आणि त्याच्या वाडीवर कुणी आलंही नाही. त्याची बायको बायजा अजून सगळ्या बायका परतल्यावरच पाण्याला जाते.