मेजरसाहेबांची बिनपाण्याची गाडी

लढाईच्या चौथ्या उन्हाळ्यात माझी नेमणूक नागपूरला, कामठी रोडवरच्या मोटर ट्रान्सपोर्ट डेपोत होती. हुद्दा हवालदार, काम फिटरचं. सकाळी पीटी, मग परेड, मग दिवसभर लॉऱ्यांच्या पोटाखाली. शत्रू फार लांब होता. आम्हाला छळायला ऊन होतं आणि मेजरसाहेबांची मोटार होती.

ही मोटार साहेबांनी विलायतेला परत निघालेल्या एका जज्जाकडून घेतली होती. जुनी, दोन सिलिंडरची, हवेवर थंड होणारी. म्हणजे तिला रेडिएटर नाही आणि पाणी लागत नाही. सिलिंडरच्या बाहेरून लोखंडी पाती असतात, त्यांना वारा लागला की इंजिन निवतं. नागपूरच्या वैशाखात वारा कसा असतो, हे ती बनवणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. शिवाय ती उभी राहील तिथं तेल सांडायची. बंगल्याच्या पोर्चमध्ये, क्लबच्या दारात, आणि एकदा ब्रिगेडियरसाहेब वाकून बघत असताना थेट त्यांच्या बुटावर.

बुटाच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं.

"हवालदार, लीक बंद करो. छुट्टी मंजूर."

रजा मला माझ्याच लग्नासाठी हवी होती. मुलगी रामटेकची. रजा न मिळाल्यानं दोन मुहूर्त हुकले होते. तिसरा वैशाखात होता आणि सासऱ्यांनी स्पष्ट कळवलं होतं, या खेपेला नवरदेव हजर नसला तर मुलीला दुसरं स्थळ तयार आहे. मी मुलीला एकदाच पाहिलं होतं, पण मन तिथंच राहिलं होतं.

मी कामाला लागलो. तेल जिथं गळतं तिथं दिसत नाही. वाऱ्यानं ते मागे पसरतं आणि सगळं इंजिनच चोर वाटायला लागतं. म्हणून इंजिन रॉकेलनं धुतलं, पुसून कोरडं केलं आणि लंगरमधून मैदा आणून वरून भुरभुरला. लंगरच्या आचाऱ्यानं डोकावून विचारलं, "हवालदारसाहेब, तळता कधी?" मी इंजिन चालू केलं. मैद्यावर ओल उठली ती दोनच जागी, सिलिंडरच्या बुडाशी आणि क्रँकच्या मागच्या टोकाला.

मग इंजिन उतरवलं. रिंगा नव्या घातल्या, वॉल्व्ह घासून बसवले, जाड कागदाची गॅस्केटं कापून तेलात भिजवून लावली, मागे नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, सील ठोकलं. पात्यांमधली वर्षानुवर्षांची माती खरवडली. गाडी जोडून रात्रभर कोऱ्या कागदावर उभी केली. सकाळी कागद कोराच होता. साहेबांनी रजेवर सही केली.

चैत्र सरत आला आणि गेटवर नवा हुकूम लागला. उन्हातून आलेली हर गाडी पाणी पाजूनच उभी करायची. खाली मेजरसाहेबांची सही. गेटवर शिपाई डोमाजी होता, उमरेडकडचा. तो हुकमाच्या आधीपासूनच येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजायचा. पोस्टमन, धोबी, बैल, कोणी सुटायचं नाही.

चार-पाच दिवसांनी वर्कशॉपचा फोन वाजला.

"गेटवरून डोमाजी. मेजरसाहेबाची गाडी आत. तेल गळून राहिलं."

"कुठून?"

"कुठून नाही ते विचारा."

मी धावलो. प्रत्येक सांध्यातून गळत होतं. इंजिनच्या बुडाचं बूच काढलं तर खाली पडलं ते तेल नव्हतं, दूध जास्त झालेला चहा होता. तेलात पाणी! ज्या इंजिनात पाण्याची जागाच नाही, त्यात!

"पानी कहाँ से आया?" साहेबांनी विचारलं.

"मालूम नहीं, साहेब."

"छुट्टी कॅन्सल."

तेल बदललं. दुसऱ्या दिवशी गाडी सीताबर्डीला जाऊन आली, पुन्हा चहा. मुहूर्त आठवड्यावर आला होता. माझी झोप उडाली आणि जेवण जाईना. तिसऱ्या दुपारी गाडी परतताच मी तिच्याखाली शिरून पडून राहिलो. आज काय ते बघायचंच, असं ठरवलं.

थोड्या वेळानं दोन बूट येऊन थांबले. बोनेटचा आवाज झाला.

"आली का माय? लय तापली. घे, पी."

गुळगुळ आवाज झाला आणि गार पाण्याचा थेंब माझ्या नाकावर पडला.

"डोमाजी! काय करून राहिला गा?"

बूट एकमेकांना जुळले. "पाणी पाजून राहिलो, साहेब. हुकूम हाये."

"अबे, हिले पाणी लागत नाही!"

"उन्हातून आली अन् पाणी कसं नाही लागत? सगळ्या लॉऱ्या पितेत. हिले पुढं तोंडच नाही. चार दिवस शोधलं, मंग बाजूले सापडलं."

बाजूचं ते तोंड म्हणजे तेल भरायचं भोक.

त्याला ऑफिसात उभं केलं. साहेब ओरडले, "सॅबोटाज! कोर्ट मार्शल!"

डोमाजी सावधानमध्ये म्हणाला, "हुकूम साहेबाचाच हाये. हर गाडी."

साहेबांनी हुकमाची प्रत मागवली, वाचली, पुन्हा वाचली. कान लाल झाले. मग ते हसायला लागले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोमाजी विचारायला थांबला नाही, पाणी आणायला धावला.

इंजिन पुन्हा उघडलं. डोमाजी माझ्याशेजारी बसून एकेक भाग रॉकेलमध्ये धूत होता आणि प्रत्येक भागाची माफी मागत होता. गाडी सीताबर्डीला जाऊन आली, कागद कोरा राहिला. साहेबांनी दोघांनाही रजा दिली. माझ्या लग्नाच्या पंगतीत पाणी वाढायला डोमाजी होता. सासऱ्यांच्या भाऊबंदांना त्यानं एवढं पाणी पाजलं की जिलबी उरली.

पुढच्या वर्षी आम्ही ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गेलो. साहेबांनी डोमाजीला मुद्दाम पाण्याच्या लॉरीवर दिलं. लॉरी जाईना तिथं तो दोन डबे घेऊन पायी जायचा. एका सकाळी पुढच्या चौकीला पाणी देऊन तो दुसऱ्या फेरीला निघाला आणि वाटेत मॉर्टरचा गोळा पडला. मी पोचलो तेव्हा डबे फुटले होते आणि पाणी मातीत जिरत होतं. माझी बाटली त्याच्या तोंडाला लावली. तो प्यायला नाही. जगाला पाणी पाजणाऱ्याला माझ्या हातून एक घोट गेला नाही, याचं दुःख अजून जात नाही. मी तिथंच बसून रडलो. साहेब बाजूला टोपी काढून उभे होते.

लढाई संपल्यावर मी सीताबर्डीला गॅरेज टाकलं. उन्हाळ्यात दारात रांजण असतो. रोज सकाळी बायको पहिला तांब्या दाराबाहेर मातीवर ओतते. ड्रायव्हर विचारतात, एवढ्या टंचाईत पाणी काहून सांडता वहिनी? ती सांगते, "आमच्या लग्नात पाणी वाढणारा होता ना, त्याचं हाये ते."

मग ती दुसरा तांब्या भरून त्यांच्या हातात देते.