सैल धरलेला दोर

श्रद्धा माझ्या स्वभावात सहजपणे कधी उतरली नाही. औंढ्याच्या नागनाथाला मी दर सोमवारी जाते, हात जोडते. पण बाहेर काढलेल्या चपला दिसत राहतील अशा बेताने दाराशीच उभी राहते. तीस वर्षे वर्गात समुद्राच्या कविता शिकवल्या आणि समुद्र एकदाही पाहिला नाही, ही खंत निवृत्तीनंतर फार सलू लागली. माझी लेक शिडाच्या होडीतून लांबच्या समुद्रसफरीला निघणार होती. मला सोबत न्यायला ती तयार झाली, पण एका अटीवर: आधी सिद्धेश्वर धरणाचे पाणी एकटीने ओलांडून परत यायचे.

दर रविवारी ती मला शिकवीत असे. वाऱ्याचा झोत आला की शिडाचा दोर तत्क्षणी सोडता आला पाहिजे, हे तिने कितीदा बजावले. मला मात्र सुटण्याचीच धास्ती. तिचे लक्ष नसताना मी तो दोर तळहाताभोवती दोनदा गुंडाळून घेई आणि उमटलेले वळ ओढणीआड लपवी.

काठावर शेळ्या चारणारी एक म्हातारी नेहमी बसलेली असे. तंबाखूचा आणि शेळ्यांच्या ओल्या केसांचा वास तिच्या आधी येई. तिची नजर मला टोचे. एका रविवारी होडी बांधायचा दोर सापडेना, तेव्हा माझा संशय थेट तिच्यावर गेला.

कसोटीच्या सकाळी ती जवळ आली.

"बाई, हात दाव."

मी मूठ मिटली.

"दोर हाताला काहून गुंडाळून राहिलीस? बैल उधळला की कासरा गुंडाळलेला हात जातो. माझ्या मालकाची दोन बोटं तशीच गेली."

"आई, खरंच गुंडाळतेस?" लेकीने विचारले.

"उगीच काहीतरी," मी म्हणाले.

"शाळा शिकवली म्हणती, अन् खोटं बोलती," म्हातारी हसली.

हिचा यात काय डाव असावा, याच विचारात मी होडी लोटली. दोघी पाहत होत्या म्हणून, केवळ लाजेखातर, दोर मोकळा धरला.

पैलतीर गाठून परतताना, ऐन मध्यावर, पाण्याचा रंग काळवंडला आणि वारा शिडावर आदळला. होडी कलली, गार पाणी मांडीवर आले. मूठ आपोआप आवळली गेली. लेक हाकेच्या पलीकडे होती. मला आठवली ती न पाहिलेली दोन बोटे. मी हात उघडला. दोर तळवा भाजत निसटला, शीड फडफडले, आणि होडी शांतपणे सरळ झाली.

काठावर शीड उतरवताना तळाच्या फळीखालून हरवलेला दोर निघाला. तो घेऊन मी म्हातारीपाशी गेले. "मावशी, मी तुमच्यावर संशय घेतला होता."

"ठाऊक हाय. दर बारीला माझ्या शेळ्यांच्या गळ्यातल्या दोराकडं बघून राहिली होतीस. हात दाव आता."

मी तळवा पुढे केला. त्यावर एकच लाल रेघ होती. तिने खरखरीत बोट त्या रेघेवरून फिरवले.

"ही बरी हाय. ही सुटल्याची हाय."

तिला कोणी धाडले, की ती तिथली रोजचीच, हे मी ठरवीत नाही. जे घट्ट धरले त्याने मला बुडवलेच असते, एवढे कळते. त्या सोमवारी मी गाभाऱ्यापर्यंत गेले, डोळे मिटले. बाहेर आले तेव्हा चपला कुठे काढल्या होत्या, ते कितीतरी वेळ आठवेना.