ताईची पोपटी पिशवी

नारायणगावच्या बाजारात माझ्या दाजींना कुणी फसवलेलं मी ऐकलेलं नाही. राजुरीत त्यांचे टोमॅटो आणि कांदे असतात. भाव ठरवताना ते दलालाशी असे बोलतात की शेवटी दलालच त्यांना चहा पाजतो आणि आता जा म्हणतो. पण गोव्याला जायचं ठरलं आणि हा माणूस पार बदलला. गोव्यात पर्यटकांना कसं लुबाडतात याचे व्हिडिओ ते जेवतानासुद्धा बघायला लागले.

निघायच्या आदल्या दिवशी ते ताईला घेऊन वारूळवाडीला आमच्याकडे आले. मला आणि आमच्या ह्यांना समोर बसवून त्यांनी शिकवणीच घेतली.

"पावणं, सगळं पैसं एका जागी ठिवायचं न्हाईत. टॅक्सीत बसायच्या आदी भाडं ठरवायचं. आन् कुणी लई गोड बोलाया लागला, की समजायचं, हाच तो."

ताईनं ब्लाउजच्या उरलेल्या पोपटी कापडाची पिशवी शिवून कमरेला बांधली होती. तिच्यात वरखर्चाचे पैसे होते. बाकीचे पैसे दाजींनी कुठं कुठं ठेवले होते ते विचारायची सोय नव्हती. खर्चाची वेळ आली की ते आडोशाला जायचे.

गोव्यात आम्ही दोन स्कूटर भाड्यानं घेतल्या. परत देताना जुनाच ओरखडा दाखवून पैसे उकळतात, असं दाजींनी व्हिडिओत पाहिलेलं. म्हणून गाडीभोवती फिरत त्यांनी एकेका ओरखड्याचं शूटिंग केलं, वर तोंडानं माहिती. "ह्यो आरशाखालचा. ह्यो मडगार्डवरचा, जरा वाकडा हाय." गाडीवाला शेवटी म्हणाला, "काका, मी गाडी भाड्यानं देतोय, विकत नाही." त्या शूटिंगनं फोन इतका भरला की दाजींना पूर्ण सहलीत समुद्राचा एकही फोटो काढता आला नाही.

शहाळेवाल्याकडे तर कहर झाला. पैसे पाठवायचा कोड खरा आहे की वरून दुसरा चिकटवलाय, हे बघायला दाजींनी तो नखानं खरवडला. कोड खराच होता. पण अर्धा त्यांच्या नखात आला. शहाळ्यांचे रोख पैसे द्यावे लागलेच, वर नवा कोड छापायचेही द्यावे लागले.

त्या दिवशी दुपारी आम्ही पाण्यात पाय बुडवून आलो आणि वाळूत बसलो. कमरेला काचते म्हणून ताईनं पिशवी सोडली. थोड्या वेळानं आम्ही उठून चालायला लागलो, तेवढ्यात मागून हाक आली. "ओ भाऊ! थांबा, थांबा!"

मी वळून पाहिलं. दंडभर मण्यांच्या माळा अडकवलेली एक बाई हात हलवत आमच्याकडे येत होती.

"मागं बघू नका," दाजी म्हणाले. "बघितलं की माळ गळ्यात पडलीच."

आम्ही भरभर चालायला लागलो. बाईही भरभर चालायला लागली. मग दाजी पळायलाच लागले आणि त्यांच्यामागं आम्ही तिघं. ताईनं साडी पोटरीपर्यंत धरलेली, आमच्या ह्यांची एक चप्पल वाळूतच राहिली. किनाऱ्यावरचे लोक शर्यत असल्यासारखे बघत होते. शेवटी एका ओढून ठेवलेल्या होडीमागं आम्ही दडलो.

"वाचलो राव," दाजी धापा टाकत म्हणाले.

बाई होडीला वळसा घालून आली. तीही धापा टाकत होती. तिनं हात पुढं केला. हातात पोपटी पिशवी.

"ही तुमची राहिली."

"आमची न्हाई!" दाजी ताडकन म्हणाले.

ताईचा हात कमरेवर गेला. "अहो..."

"गप. ही नवी पद्धत हाय. आदी पिशवी हातात देत्यात, मग म्हणत्यात त्यात पन्नास हजार व्हते, काढा!"

"अहो, माझ्या ब्लाउजचं कापड हाय ते!"

"तसलं कापड काय जगात तुझ्या एकटीकडंच हाय?"

बाईनं खांदे उडवले. "तुमची नाही तर मी चौकीत देते." ती निघाली तशी ताई तिच्या आडवी गेली.

"मी हातानं शिवलीय ती! मला माझी शिलाई कळत न्हाई व्हय?"

आता ती बाई आमच्याकडे संशयानं बघायला लागली. "आत्ता तर भाऊ म्हणाले, आमची नाही. मग आत काय आहे सांगा."

"पैसं," दाजी म्हणाले.

"ते तर सगळ्यांच्याच पिशवीत असतात."

भोवती माणसं जमली. ताईनं सांगायला सुरुवात केली. सेफ्टी पिना. लवंगा. पित्ताची गोळी. मग ती अडखळली आणि हळूच म्हणाली, "आन् ह्यांचा फोटो."

"माझा? कशाला?" दाजी चमकले.

"गर्दीत हारवला असता तर लोकांना काय दाखवलं असतं?"

बाईनं पिशवीतून पासपोर्ट फोटो काढला. दाजींनी गोव्यासाठी गवती टोपी आणि काळा गॉगल घेतला होता. "टोपी काढा," ती म्हणाली. त्यांनी काढली. "गॉगल." तोही काढला. तिनं एकदा फोटो पाहिला, एकदा दाजींचं तोंड पाहिलं, आणि खात्रीसाठी परत फोटो पाहिला. दाजी हात सरळ सोडून ताठ उभे. मला हसू आवरेना, मी होडीकडे तोंड केलं.

"हेच आहेत," बाईनं निकाल दिला आणि पिशवी ताईच्या हातात ठेवली.

दाजी बक्षीस द्यायला लागले, तर ती घेईना. मग त्यांनी निळ्या मण्यांची माळ उचलली आणि तिनं सांगितली तेवढी किंमत मुकाट दिली. ताई कानाशी पुटपुटली, "अहो, निम्म्यात मागा की." दाजींनी ऐकलंच नाही.

संध्याकाळपर्यंत घामानं माळेचा रंग उतरला आणि ताईची मान निळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी एकटेच त्या बाईला शोधायला गेले. आम्हाला वाटलं, आता किनाऱ्यावर भांडण होणार. तासाभरानं ते परत आले, हातात तसलीच आणखी एक माळ.

"हिच्या बहिणीला पण हवी की," ते म्हणाले. "आन् ह्या बारीला तिनं पाच रुपयं कमी केलं."

नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. गोवा सोडेपर्यंत आम्ही दोघी बहिणी निळ्या मानेनं हिंडलो.