वारेची पाठवणी

लेकीच्या बाळंतपणानंतर सिस्टरने वार ट्रेमध्ये पसरून अख्खी पडल्याची खात्री केली आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. मी बघत राहिले, तशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, बाळ आणि वार एकाच पेशीतून होतात. जनुकं दोघांची तीच. त्यांवरच्या रासायनिक खुणांनी ठरतं, कुणी बाळ व्हायचं नि कुणी वार."

आमच्याकडे वार हळदकुंकू वाहून परसात पुरायचे. इथे ती मागायचं कुणाला सुचलंच नाही. नातीचं नाक कुणावर गेलंय, यातच आम्ही रमलो होतो. आया पिशवी घेऊन जिना उतरली. नातीला नऊ महिने भरवणारी तिची सख्खी बहीणच निघाली होती.

तेवढ्यात नात रडायला लागली. विहीणबाई म्हणाल्या, "भूक लागली असेल तिला."