चौथ्या भागातलं फूल

"फूल कुठल्या बाजूला पडलं होतं, तेवढं सांग."

"अक्का, खेळ आहे तो. गोष्ट आहे. गोष्टीत माणूस काय वाट्टेल ते घालतो."

"गोष्टीतलं नको. आपल्या देवघरातलं सांग."

"पाच वर्षं झाली त्याला."

"मग? विसरलास? बाजारात भाजी घेतली होतीस का त्या दिवशी, विसरायला?"

विरेशनं माउसवरचा हात काढला नाही. माडीवरच्या या खोलीच्या चारी भिंतींना त्यानं जुन्या चादरी ठोकल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. पंखाही बंद, त्याची घरघर माइकमध्ये शिरते. रविवारची दुपार, एप्रिलचं ऊन, आणि दारात थोरली बहीण, मुठीत मोबाइल घट्ट धरून.

मोबाइलवरचा तो खेळ विरेशनंच केलेला. दिवसा तो पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायचा. उरलेला सगळा जीव या खेळात. चित्रं त्याचा मित्र मुबीन काढायचा. पाच भागांची गोष्ट, दर दोन महिन्यांनी एक भाग. साथीच्या दिवसांतलं एक घर, त्यातला एक मुलगा. त्यानं काय करायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. पडद्यावर दोन वाक्यं येतात, एकावर बोट ठेवलं की गोष्ट त्या वाटेनं चालू लागते. भाग संपला की कळतं, शंभरातल्या किती जणांनी तुमच्यासारखंच केलं. आणि त्या मुलाच्या बहिणीचा आवाज होता श्रीदेवीचा.

आवाज हे तिचं लहानपणापासूनचं भांडवल. शुक्रवार पेठेत कल्लप्पांची थोरली म्हटलं की लोकांना आधी तिच्या नकला आठवायच्या. कल्लप्पांचा, म्हणजे अप्पांचा, सगळा जन्म कापडाच्या दुकानात मीटरनं कापड मोजण्यात गेला. पोरगी घरी बसून त्यांच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. "रंग जाणार न्हाई की हो याचा?" असं नाकात म्हणून ती अव्वाला, म्हणजे आईला, हसवून हसवून बेजार करायची. विसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा संगमेश शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. शंभर सदऱ्यांचा थर एका रेघेत कापायचा आणि एक धागा इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही. ती त्याच कारखान्यात मशिनीवर. मूल झालं नाही. त्यावर बोलणं दोघांनी कधीतरी बंद केलं, आणि मग बाकीच्या सगळ्या गोष्टींवर ती दोघं भरपूर बोलत राहिली.

संगमेश गेला आणि नकलाही गेल्या. ती माहेरी राहिली, मशीन मारत राहिली, अप्पांच्या गोळ्या वेळेवर देत राहिली. वर्षभरात अव्वाही गेली. घरात मग भांड्यांचाच काय तो आवाज. गेल्या वर्षी विरेश म्हणाला, "अक्का, माझ्या खेळात बोलशील का?" आणि पहिल्या दिवशी तिनं माइकसमोर गल्लीतल्या मुख्याध्यापकांच्या बायकोची अशी काही नक्कल केली, की मुबीन खुर्चीवरून पडायचा राहिला. "दीदी, तुम तो पूरा मोहल्ला अकेलेच कर डालते!" त्या रात्री ती अप्पांशीही दोन वाक्यं जास्त बोलली.

विरेश तिला सुट्या वाक्यांचे कागद द्यायचा, उलटेसुलटे.

"हे कुणाला म्हणायचं?"

"नुसतं म्हण की. एकदा रडत, आणि एकदा ओझं उतरल्यासारखं."

एकेका प्रसंगाला दोन-दोन, तीन-तीन शेवट. प्रत्येकाचं वाक्य निराळं. कुठलं वाक्य कुठं जोडलं जातं हे तिनं कधी विचारलं नाही. कारखान्यात ती दिवसभर नुसत्या बाह्या शिवायची. सदरा कुणाच्या अंगावर जातो हे तिथं तरी कोण विचारतं?

चौथा भाग आज आला. जेवण झाल्यावर तिनं स्वतःच खेळायला घेतला. पडद्यावर देवघर. मुलगा दार लावून घेतो. ओल्या लिंगावर कण्हेरीची दोन फुलं चिकटवतो, एक उजवीकडं, एक डावीकडं. वाट बघतो. उजवं पडतं. मग दोन वाक्यं येतात: बाहेर जाऊन "उजवं" सांगायचं, की "डावं"?

तिनं "उजवं"वर बोट ठेवलं. पडद्यावरचा आजारी मेव्हणा, त्या बहिणीचा नवरा, आठ दिवसांनी उठून बसला, चहा मागितला. तिनं ते तीनदा बघितलं. मग मागं जाऊन "डावं"वर बोट ठेवलं. मेव्हणा गेला, आणि तिनं स्वतःचाच आवाज ऐकला: "देवाच्या मनात होतं ते झालं. तुझा काय दोष रे? माझी काय तक्रार न्हाई."

त्या वर्षीचा एप्रिल ती विसरेल कशी? एकाच आठवड्यात अप्पा आजारी पडले आणि संगमेशही. दवाखान्यांत जागा नव्हती, म्हणून दोघांची सोय एकाच घरात, इथंच, खालच्या खोलीत केलेली. मुबीन कुठून तरी ऑक्सिजनचा एक सिलिंडर घेऊन आला. एकच. एक दिवस आलटून-पालटून लावला तर दोघंही खालावले. डॉक्टर फोनवर म्हणाले, एकालाच सलग द्या, नाहीतर दोघंही हातचे जातील.

कुणाला, हे कोण सांगणार? अव्वा म्हणाली, देव सांगंल. उजवं पडलं तर जावयाला, डावं पडलं तर अप्पांना. पण कौल घ्यायचा तो दोन्हीकडचं सारखं असणाऱ्यानं, अशी त्यांच्याकडची रीत. अव्वा एकाची बायको, श्रीदेवी दुसऱ्याची. उरला विरेश. एकाचा मुलगा, एकाचा लाडका मेव्हणा. तो अंघोळ करून, उपाशीपोटी आत गेला, दार लावलं. बाहेर आला आणि म्हणाला, "डावं."

पडलेलं फूल घरच्यांच्या हाती द्यायचं असतं. प्रसाद तो. श्रीदेवीनं ओंजळ पुढं केली होती. तो म्हणाला, पाण्याबरोबर मोरीत गेलं.

तिनं संगमेशला सांगितलं, देवानं अप्पांचं नाव दिलं. त्यानं धाप लागत लागत हात जोडले. "मग वाद कशाला? बरं झालं. आपल्या डोक्यावर न्हाई आलं." दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आपल्या डोक्यावर नाही आलं, या एका वाक्याच्या आधारानं ती पाच वर्षं या घरात वावरली होती.

"खेळातला तुझा पोरगा फूल मुठीत लपवतो," ती आता म्हणाली. "बाहेर येऊन सांगतो, पाण्यात गेलं. हे तुला कुणी सुचवलं रे? मुबीननं?"

"अक्का, बस ना जरा."

"बसत न्हाई. सांग."

"उजवं पडलं होतं."

तिला वाटलं होतं, हे ऐकून आपण किंचाळू. पण तिनं मुठीतला मोबाइल नुसता पालथा केला.

"दार उघडलं तर समोर अव्वा," विरेश म्हणाला. "तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. नुसती बघत राहिली ती. आणि तोंडातून निघून गेलं, डावं."

"निघून गेलं?"

"हो."

"शिंक व्हती का ती, निघून जायला?"

"मी म्हणालो. मीच म्हणालो, बस? फूल मुठीत होतं माझ्या. नंतर संडासात टाकलं."

"शंभरातल्या एकोणसत्तर जणांनी खरं सांगितलंय. तुझ्याच खेळात लिहून येतंय."

"त्यांच्यासमोर अव्वा नव्हती! आणि त्यांना मागं जाऊन दुसऱ्यावर बोट ठेवता येतं, अक्का. मी रोज जातो मागं. पाच वर्षं रोज. म्हणून तर केला हा खेळ. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती."

"म्हणून जगाला आधी सांगितलंस. पुण्या-मुंबईच्या पोरांना. आणि मला शेवटी, रविवारी जेवण झाल्यावर."

"तुला कळावं म्हणूनच—"

"कळावं म्हणून? मग कागद हातात देताना का न्हाई सांगितलंस? 'ओझं उतरल्यासारखं म्हण,' म्हणालास मला. चारदा म्हणून घेतलंस. 'अजून जरा मायेनं, अक्का.' मी बावळटासारखी माया घालत बसले." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू खोटं बोललास ते एक वेळ समजंल मला. वय काय होतं तुझं? पण माझ्या तोंडातून माफी काढून घेतलीस, विरेश, कशाची ते न सांगता. आता ती हजार लोकांच्या मोबाइलवर वाजतीय. मी आता न्हाई म्हणाले तरी ती तिथं हो म्हणत ऱ्हाणार."

"काढून टाकतो मी ते वाक्य. आत्ता काढतो."

"आणि संगमेशला कसं सांगू? हात जोडले होते त्यानं."

विरेशनं तोंड ओंजळीत घेतलं. जिन्यावर काहीतरी घासल्याचा आवाज आला, म्हणून तिनं मान वळवली.

वरून दुसऱ्या पायरीवर कठडा धरून अप्पा उभे होते. माडीचा जिना चढायला त्यांना डॉक्टरांनी मना केलेलं. आवाज चढले तेव्हा ते निघाले असावेत, एकेक पायरी करत. किती ऐकलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. थोडा वेळ ते नुसता श्वास गोळा करत राहिले. खोलीतल्या दोघांनाही तो ऐकू येत होता.

"मला ठावं न्हवतं, पोरी," ते म्हणाले. "शपथ. मला शुद्धच कुटं हुती?"

श्रीदेवी दारातून जिन्याच्या तोंडाशी आली.

"जावयाचा वारा मी वडला म्हण की. पाच वर्सं. तुझ्याच हातच्या भाकरी खाऊन." विरेश उठून पुढं आला, तसा त्यांनी त्याला हातानं तिथंच थांबवलं. त्यांची नजर मुलीवरून हलली नाही. "शिरदेवी, माझ्याकडं बघ. तुला इचारलं आसतं त्या दिवशी, तर तू मला वाचीवलं आसतंस का?"

जिना अरुंद होता. श्रीदेवी अंग चोरून, त्यांना धक्का लागू न देता त्यांच्या बाजूनं उतरली, खालच्या खोलीतून गेली, आणि दार उघडून उन्हात गल्लीत निघून गेली.