घरात विस्तव नाही

माळ्यावरून हीटर खाली काढला की त्याच्या पांढऱ्या पाकळ्यांच्या फटींत वर्षभराची धूळ बसलेली असते. कितीही पुसा, थोडी राहतेच. मग बटण दाबावं, त्याच्या पोटातलं तेल हळूहळू तापू लागावं, आणि त्या राहिलेल्या धुळीचा एक कोरडा, करपट, किंचित कडसर वास खोलीभर पसरावा. काही वेळाने तो विरून जातो आणि पुढे सगळा हिवाळा हीटरला म्हणून काही वास येत नाही. यंदा तो वास आला तेव्हा मी हातातलं फडकं तसंच धरून पलंगाच्या कडेला बसून राहिले. हा पलंग बाबांचा. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात हा हीटर त्यांच्या पायथ्याशी असे, आणि त्याच्याकडे ते असे पाहत, जसं एखाद्या न बोलणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं.

वर्ध्याला थंडी पडते हे बाहेरच्यांना पटवून देणं मोठं जिकिरीचं काम आहे. पुण्याचे आमचे नातलग तर वर्ध्याचं नाव काढलं तरी रुमाल शोधतात. उन्हाळ्याने आमची एवढी बदनामी करून ठेवली आहे की हिवाळ्याची दाद कुणी घेत नाही. पण तुरीच्या शेंगा भरत आल्या की इथे असा काही गारठा उतरतो की सकाळी नळाखाली हात धरवत नाही आणि उन्हाचा तुकडा जिकडे सरकेल तिकडे माणसं खुर्च्या सरकवत राहतात. ही थंडी कुणाला पावली असेल तर ती बाबांना. पुलगावात स्टेशनाजवळ त्यांची कोळशाची टाल होती. टाल म्हणजे आमच्याकडची वखार. एका अंगाला लाकडी कोळशाची पोती, दुसऱ्या अंगाला दगडी कोळशाचा ढीग, मधे लोखंडी काटा, आणि त्या सगळ्या काळ्या कारभारात पांढरा सदरा घालून बसलेले बाबा. त्यांना पांढऱ्याचीच हौस. आई म्हणायची, "कोळसा उगाळा का तुमचे सदरे धुवा, पानी काळंच!" रोज सकाळी ते झारीने ढिगावर पाणी शिंपडत. त्यानं धूळ बसते, असं गिऱ्हाइकाला सांगत; पाण्याचं वजनही कोळशात बसतं, हे सांगत नसत. गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असे आणि ते घासाघीस करताना बरोबर तिथेच बोट ठेवी.

थंडीच्या दिवसांत टालीसमोर एक मोठी शेगडी पेटलेली असे. ती विक्रीसाठी नव्हती, ती येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी होती. स्टेशनावरचे हमाल, शाळेत निघालेले मास्तर, नाचणगावहून भाजी घेऊन आलेल्या बाया, सगळे तिथे घडीभर टेकत. "या, शेकून जा," हे बाबांचं रामराम होतं. ज्यांचं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलणं नाही अशी माणसंही त्या शेगडीपाशी तळहात पुढे करून समोरासमोर बसलेली मी पाहिली आहेत. मी शाळेची वेणी घालून तिथे उभी राहिले की बाबा चिमट्याने राख झटकून एक निखारा वर काढत, त्यावर हलकी फुंकर घालत आणि तो फुलला की म्हणत, "पाह्य, माय. आदी डोळ्यानं शेकाचं, मंग हातानं." त्यांचा चेहरा त्या वेळी तांबूस आणि फार सुखी दिसे.

पुढे गावात घरोघरी गॅस आला. बाबा आणि गॅस यांच्यातून कधी विस्तव गेला नाही. "ज्याची राख होत नाई ते कायची आग?" असं ते भर बाजारात ऐकवत, आणि संध्याकाळी घरी येऊन आईने गॅसवर केलेला चहा मुकाट पीत. हळूहळू हलवायाने कोळसा सोडला, खानावळीने सोडला, न्हाणीघरातले तांब्याचे बंब भंगारात गेले. टालीची जागा विकली गेली, तिथे मोबाइलचं दुकान झालं. आई गेल्यावर बाबा वर्ध्यालगत सिंदी मेघेला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा सोबत पांढरे सदरे आणि खोकला, एवढंच त्यांच्याजवळ होतं. आयुष्यभर आत गेलेली धूळ आणि धूर यांनी छातीत कायमचं ठाण मांडलं होतं. वर्षभरात ऑक्सिजनचं यंत्र घरात आलं. पलंगाशेजारी ते अखंड घरघरत राही आणि एक लांबलचक नळी बाबांच्या नाकापर्यंत जाई. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, हे यंत्र जिथे चालेल तिथे ज्योत नको, ठिणगी नको, भडका उडायला वेळ लागत नाही. जीव लावणाऱ्या माणसाच्या उशाशी असं काही चालू असलं की आपण कशालाही तयार होतो. मी गॅसची शेगडी काढून विजेची आणली. देवापुढे इवलासा विजेचा दिवा आला. उदबत्ती बंद झाली. काड्यापेटीसुद्धा मी घराबाहेर काढली.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या काकू बंद न्हाणीघरात, गॅसच्या गीझरखाली, भोवळ येऊन पडल्या. वेळेवर दार फोडलं म्हणून वाचल्या. सगळी इमारत हादरली. बैठक झाली, गॅसचे गीझर उतरले, विजेचे चढले; गच्चीवर सौर पॅनल बसले आणि बिलं हलकी झाल्यावर एकेका स्वयंपाकघरातून गॅसही निघाला. शेवटची सिलिंडरं खाली गाडीत चढत होती तेव्हा बाबा नळीसकट बाल्कनीत येऊन उभे राहिले. आणि एकदम हसले. "गेला नं हाही! माह्या टालीले खाऊन बसला होता. आता त्यालेही मोठा भेटला!" ते हसता हसता खोकू लागले, मी पाठीवर हात फिरवू लागले, आणि मलाही हसू आवरेना. हरलेल्या माणसाला त्याचा वैरी हरताना पाहायला मिळावा, एवढा न्याय जगात क्वचित होतो.

विजेशी मात्र त्यांनी वैर धरलं नाही. दूरवरून मालगाडीची लांब धडधड ऐकू आली की ते बोट वर करत. "कोळसा चालला. सांग बरं, लाइट कायपासून होते?" मी म्हणायची, "कोळशापासून, बाबा." "मंग? घरात आग माहीच हाय. दुरून येऊन राह्यली, एवढंच." माझे यजमान चिडवायचे, की बाबा, आता गच्चीवर पॅनल आहेत, दिवसा सूर्याची वीज असते. "दिवसा राहो," बाबा म्हणायचे. "थंडी रात्री वाजते." वीज गेली की यंत्र टूं टूं करू लागे, आणि मी धावत जाऊन भरून ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरला नळी जोडी. ते माझ्याकडे शांतपणे पाहत राहत. कोळशाने ज्यांचा श्वास नेला त्यांना तोच कोळसा कुठेतरी लांब जळून श्वास पुरवत होता, आणि या देवघेवीत माझ्या हाती काही म्हणजे काही नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली ती जाईच ना. स्वेटर, दुलई, गरम पाण्याची पिशवी, पायाशी हीटर. हात लावून पाहावं तर तळवे कोमट असत, कपाळ चांगलं ऊन असे, तरी ते कुडकुडत. हीटरबद्दल म्हणाले, "देते खरं, पन दिसत नाई. गुप्तदान हाय हे." एका सांजेला, उन्हाचा तुकडा गॅलरीच्या कठड्यावरून निघून गेल्यावर, त्यांनी माझा हात धरला. आवाज अगदी हलका केला, जणू शेजारी ऐकतील.

"माय, एक निखारा आनतं का? वाटीत. दारातून दाखवजो. मी हात नाई लावत."

मी यंत्राकडे पाहिलं. "बाबा, भडका उडेल. तुम्हाला माहीत आहे ना?"

"मले मालूम हाय." त्यांनी दुलई छातीशी ओढून घेतली. "मालूम असलं म्हनून मन मागत नाई का?"

मी काय करावं? मोबाइलवर एक चित्रफीत शोधली, शेगडीत निखारे फुलताहेत अशी, आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी माझं मन राखायला ती थोडी पाहिली, मोबाइलवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. "मोबाइल गरम झाला तुया," म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खाली अंगणात नेऊन शेकोटी करावी, तर नळीशिवाय जिना उतरणं त्यांना झेपणार नव्हतं. यंत्र थोडं बंद ठेवावं, तर तेवढ्यात ओठ निळे पडत. उद्या डॉक्टरांना विचारू, असं मी रोज म्हणे, आणि उत्तर काय येणार ते मला ठाऊक असे. माझ्याच हाताने मी घर सुरक्षित केलं होतं, आणि त्या सुरक्षित घरात माझा बाप गारठत होता. दोन्ही खरं होतं आणि दोहोंतून वाट नव्हती. त्यांनी पुन्हा कधी मागितलं नाही, तेच मला जास्त लागे.

माघातल्या एका सकाळी ते गेले. यंत्र मी बंद केलं आणि इतक्या महिन्यांची घरघर थांबली तेव्हा कान दुखावेत अशी शांतता झाली. नाचणगावहून काका आले, बाबांचे धाकटे भाऊ. खाली तिरडी बांधणं चाललं होतं. काका रिकामं मडकं घेऊन वर आले आणि म्हणाले, "विस्तव दे, माय. घरचा लागते." मी सवयीने स्वयंपाकघराकडे वळले आणि विजेच्या शेगडीच्या त्या काळ्या काचेसमोर उभी राहिले. तीत माझाच चेहरा दिसत होता.

"काका, घरात विस्तव नाही."

"विस्तव नाई?" काका म्हणाले. "कोळशेवाल्याच्या घरी?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

शेजारणी आपापल्या घरी धावल्या आणि तशाच परतल्या. चार मजल्यांत कुठे निखारा नव्हता. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे माणूस गेला. तो अजून कोळशाची इस्त्री वापरतो. त्याने काही विचारलं नाही. इस्त्रीचं झाकण उघडून होते तेवढे सगळे निखारे मडक्यात ओतले, आणि कुणाचा तरी अर्धा राहिलेला शर्ट तसाच बाजूला ठेवून तोही मागोमाग आला. काका म्हणाले, "तूच धर. त्याले तूच होती." मी मडकं धरलं.

दिवस बदलतात याबद्दल मला कुणाशी भांडायचं नाही. काकू वाचल्या, बाबा वर्षभर जास्त जगले, आमच्या भिंती पांढऱ्या राहिल्या. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन. पण बरोबर वागूनही एखाद्या माणसाला हवं ते देता येत नाही, याचं कुठे काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. त्या सकाळी वारा गार होता. झुळूक आली की मडक्यातले निखारे फुलत आणि धग माझ्या बोटांना लागे. पुढे चालणाऱ्याने मागे वळून पाहायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. यंत्र बंद होतं, नळी गुंडाळून ठेवली होती, विस्तवाला आता कुणाचीच हरकत नव्हती. बाबांनी वाटीभर मागितला होता; मी मडकंभर घेऊन त्यांच्यापुढे चालले होते, आणि ते डोळे मिटून मागून येत होते.